कॉलेजवर छापा, विद्यार्थ्याच्या पायात बेडी

मागच्या भागात आपण दिल्लीतल्या जुन्या मराठी वस्तीबद्दल बोललो होतो. आजही सुरुवात दिल्लीच्या आसपासच करणार आहे, पण गोष्ट लगेच खूप लांब जाणार आहे. कॅलिफोर्नियापर्यंत, लंडनपर्यंत, मिशिगनपर्यंत. आणि शेवटी परत इथंच येणार आहे.

फेब्रुवारी २०१९. मी गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये राहतो. आमच्या सोसायटीत अमरावतीकडचं एक कुटुंब आहे. नावं सांगत नाही, त्यांची तशी इच्छा नाही. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता. एम.एस. रीतसर पूर्ण केलेलं, नोकरीही लागलेली; पण नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नंबर लागला नव्हता. मुक्काम कायदेशीर राहावा म्हणून त्यानं आणखी एका विद्यापीठात नाव घातलं होतं. त्या विद्यापीठाचं नाव युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन.

एका रात्री त्याचा फोन आला, ‘मी परत येतोय.’ का, कसं, काही नाही. चार दिवसांत तो दारात उभा. गाडी रूममेटला विकून टाकलेली, सामान दोन बॅगांत. त्याला अटक झाली नव्हती, पण ओळखीच्या दोघांना झाली होती. आणि ज्या विद्यापीठात त्यानं फी भरली होती, ते विद्यापीठच नव्हतं. ते अमेरिकी सरकारच्या इमिग्रेशन खात्यानं लावलेलं जाळं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्याकडे आली. मी इतिहास शिकवायचो, म्हणून मला सगळंच ठाऊक असणार अशी त्यांची समजूत. त्या म्हणाल्या, ‘सर, त्यानं चूक काय केली, तेवढं तरी सांगा.’

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आजचा भाग म्हणजे उशिरा दिलेलं उत्तर समजा.

मदत आणि पाळत, एकाच छपराखाली

आपल्याला वाटतं की परदेशी विद्यार्थी, व्हिसा, बोगस कॉलेज हे सगळं गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं प्रकरण आहे. तसं नाही. मुळं शंभर वर्षांहून जुनी आहेत आणि त्यांतलं एक थेट आपल्याकडून गेलेल्या मुलांशी जोडलेलं आहे.

१९०५ साली श्यामजी कृष्णवर्मांनी लंडनच्या हायगेट भागात इंडिया हाउस सुरू केलं. सावरकर तिथं राहायला गेले, सेनापती बापटांचा तिथं वावर होता, हे आपण शाळेत शिकतो. जे शाळेत शिकत नाही ते असं, की याच काळात ब्रिटिश सरकारला भारतीय विद्यार्थी हा एक ‘प्रश्न’ वाटू लागला. १९०७ साली या विद्यार्थ्यांची चौकशी करायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते सर विल्यम ली-वॉर्नर. आपल्या मुंबई इलाख्यात कारकीर्द घडलेले अधिकारी, कोल्हापूरला पोलिटिकल एजंट राहिलेले. त्यातून १९०९ साली इंडिया ऑफिसनं भारतीय विद्यार्थ्यांसाठी एक माहिती केंद्र काढलं. प्रमुख म्हणून नेमले टी. डब्ल्यू. अर्नोल्ड, अलिगढ आणि लाहोरला शिकवलेले प्राध्यापक. पुढं हे केंद्र साउथ केन्सिंग्टनमध्ये २१, क्रॉमवेल रोड या पत्त्यावर गेलं. नव्यानं आलेल्या मुलांना उतरायला जागा, प्रवेशाबद्दल सल्ला, अडीनडीला मदत हे सगळं तिथं मिळे.

पण मुलांचा त्या घरावर विश्वास नव्हता. जे खातं खोली मिळवून देतं, तेच आपण कुणाकडे जातो-येतो याचीही नोंद ठेवतं, असं त्यांना वाटे. आणि तो संशय अगदी निराधार नव्हता. मदतीचं टेबल आणि पाळतीचं टेबल एकाच छपराखाली. मंडळी, हे चित्र लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीत ते पुन्हापुन्हा येणार आहे.

दुसरं मूळ अमेरिकेतलं. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते वर्गात बसले की नाही, हे कोलंबियानं अमेरिकी सरकारला कळवावं असं बंधन त्या काळी नव्हतं. हे बंधन आलं १९२४ च्या इमिग्रेशन कायद्यात. आशियातल्या लोकांना दार जवळजवळ बंद करणारा कायदा म्हणून तो ओळखला जातो. विद्यार्थ्यांसाठी त्यात एक खिडकी ठेवली होती. पण अटी पाहा. विद्यार्थी किमान १५ वर्षांचा हवा, संस्था सरकारनं मान्य केलेली हवी, आणि परदेशी विद्यार्थ्यानं येणं बंद केलं की संस्थेनं ते सरकारला कळवायचं. कळवण्यात हयगय झाली तर संस्थेची मान्यता काढून घेतली जाईल.

या एका कलमात आजची सगळी व्यवस्था बीजरूपानं आहे. मास्तरांच्या हातात खडूबरोबर हजेरीची शिट्टीही दिली. आणि शिट्टी वाजवली नाही तर शिक्षा शाळेला. पण शाळेला शिक्षा झाली तर त्या शाळेतल्या मुलाचं काय, यावर ते कलम गप्प आहे.

पुढं कागदाचं रूपांतर संगणकात झालं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, मार्च २००२ मध्ये, हल्लेखोरांपैकी दोघांना विद्यार्थी म्हणून मंजुरी मिळाल्याची पत्रं फ्लोरिडातल्या विमान प्रशिक्षण शाळेत पोचली. मेलेल्या माणसांना मंजुरीची पत्रं! अमेरिकेत हलकल्लोळ झाला. २००३ पासून प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची नोंद ‘सेविस’ नावाच्या संगणकीय यंत्रणेत सक्तीची झाली. विद्यार्थ्याला मिळणारा ‘आय-२०’ हा कागद याच यंत्रणेतून निघतो. त्याच्याशिवाय विद्यार्थी व्हिसा नाही. आणि तो कागद काढायचा अधिकार कुणाकडे? सरकारनं मान्य केलेल्या संस्थेकडे. म्हणजे संस्थेच्या हातात शिट्टी तर होतीच, आता दाराची किल्लीही आली. किल्ली आली की ती विकणाराही येतो.

प्लेझंटन, जानेवारी २०११

सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला प्लेझंटन नावाचं टुमदार गाव आहे. तिथं ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी नावाची संस्था होती. संस्थापक आणि अध्यक्ष, सुझन शाओ-पिंग सू. फेब्रुवारी २००९ मध्ये तिला परदेशी विद्यार्थी घ्यायची मान्यता मिळाली. दोन वर्षांच्या आत विद्यार्थ्यांची संख्या दीड हजारावर गेली. त्यांतले सुमारे ९५ टक्के भारतीय, बहुतेक तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले.

एवढी मुलं एका छोट्या इमारतीत मावत कशी होती? मावत नव्हतीच. ती टेक्सासमध्ये, मेरीलँडमध्ये कुठं कुठं काम करत होती. अमेरिकी नियमांत ‘अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम’ अशी एक सोय आहे. ट्राय-व्हॅली ती पहिल्या दिवसापासून देत असे. नवा विद्यार्थी आणला तर जुन्याला कमिशन. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांचा पत्ता कागदोपत्री सनीव्हेल गावातल्या एकाच फ्लॅटचा होता. सरकारी यंत्रणेत एका फ्लॅटमध्ये शेकडो विद्यार्थी राहताहेत असं दिसत होतं, आणि बराच काळ ते कुणाला खटकलं नाही.

१९ जानेवारी २०११ ला छापा पडला. एका दिवसात विद्यापीठ बंद, संकेतस्थळ बंद, सगळ्या विद्यार्थ्यांची सेविसमधली नोंद रद्द. काल विद्यार्थी होते, आज बेकायदा रहिवासी. काहींना ताब्यात घेतलं आणि सोडताना त्यांच्या घोट्याला जागा दाखवणारं यंत्र अडकवलं. इमिग्रेशन खात्यानं विद्यार्थ्यांसाठी एक फोन नंबर जाहीर केला. आता सांगा, तो फोन करावा की नाही? मदत मागायला फोन करायचा, तर तो उचलणारा तोच, ज्यानं छापा घातला. क्रॉमवेल रोडवरचं ते घर आठवलं ना?

पायातल्या त्या यंत्रांची छायाचित्रं दिल्लीत पोचली आणि इथं वातावरण तापलं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं अमेरिकी दूतावासातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलावून घेतलं आणि ही यंत्रं काढा असं स्पष्ट सांगितलं. परराष्ट्रमंत्री होते एस. एम. कृष्णा. त्यांनी या वागणुकीला अमानुष म्हटलं. तिकडं भारतीय वकिलातीनं आणि अमेरिकेतल्या तेलुगू संघटनांनी वकिलांची सोय लावून दिली. काही मुलांना दुसऱ्या संस्थेत बदली मिळाली, काहींना नाकारली गेली, काही मुकाट्यानं परत आली. प्रत्येकाचा निकाल वेगळा. सगळ्यांसाठी एक असा मार्ग नव्हता.

सू बाईंचं काय झालं? मार्च २०१४ मध्ये ज्युरीनं त्यांना दोषी ठरवलं, आणि त्याच वर्षी १६ वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. म्हणजे गुन्हा खरा होता. छापा घालायला कारण होतं. यावर वाद नाही. पण क्रम बघा. गुन्हा करणाऱ्या बाईंना शिक्षा व्हायला तीन वर्षांहून अधिक काळ गेला. मुलांची शिक्षा छाप्याच्याच दिवशी सुरू झाली.

लंडन, ऑगस्ट २०१२

दीड वर्षानंतर तीच गोष्ट लंडनमध्ये घडली, पण वेगळ्या तऱ्हेनं. या प्रसंगावर मी जरा थांबणार आहे.

ब्रिटनमध्ये २००९ पासून नियम असा, की परदेशी विद्यार्थी घ्यायचा तर संस्थेकडे सरकारचं ‘स्पॉन्सर’ लायसन्स हवं. लायसन्स गेलं की विद्यार्थ्याच्या व्हिसाचा आधारच जातो. बोगस खासगी कॉलेजांची अशी लायसन्सं शेकड्यांनी रद्द झाली होती. पण ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस सीमा खात्यानं लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचं लायसन्स रद्द केलं. हे काही फ्लॅटमधलं कॉलेज नव्हतं. सरकारी पैशावर चालणारं, हजारो स्थानिक मुलं शिकत असलेलं खरंखुरं विद्यापीठ. खात्याचं म्हणणं असं, की तपासलेल्या १०१ फायलींपैकी पाव हिश्शाच्या विद्यार्थ्यांकडे देशात राहण्याची परवानगीच नव्हती. हजेरीच्या आणि इंग्रजीच्या पुराव्यांतही गोंधळ होता. विद्यापीठानं हे आरोप मान्य केले नाहीत.

दोन हजारांहून अधिक विद्यार्थी एका रात्रीत उघड्यावर आले. त्यात भारतीयही होते. कुणी शेवटच्या वर्षाला, कुणाचा प्रबंध अर्धा, कुणी नुकतीच फी भरून विमानाचं तिकीट काढलेलं. नियम सांगत होता, ६० दिवसांत दुसरी संस्था शोधा, नाहीतर देश सोडा.

आता पुढं काय झालं ते नीट ऐका. विद्यार्थी संघटना रस्त्यावर उतरली आणि कोर्टातही गेली. इंग्लंडमधल्या उच्च शिक्षणाला निधी देणाऱ्या मंडळाच्या पुढाकारानं एक कृती गट तयार झाला. त्यात विद्यापीठांच्या संघटना आणि विद्यार्थी संघटनाही होत्या. ६० दिवसांची मुदत लगेच मोजायला सुरुवात करायची नाही. ऑक्टोबरच्या आधी पत्रंच पाठवायची नाहीत, असं ठरलं. सप्टेंबरमध्ये फक्त या विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रवेशप्रक्रिया सुरू झाली. दुसऱ्या विद्यापीठांनी आपल्याकडे कोणत्या विषयाच्या जागा आहेत ते सांगायचं आणि विद्यार्थ्यांनी निवडायचं. सरकारनं २० लाख पौंडांचा निधी जाहीर केला. कशासाठी? नव्या व्हिसा अर्जाची फी, भाड्याच्या खोलीचं बुडालेलं डिपॉझिट, नव्या विद्यापीठाची जास्तीची फी अशा खर्चांसाठी. आणि २१ सप्टेंबरला उच्च न्यायालयानं विद्यापीठाला दाद मागायची परवानगी दिली. त्याच वेळी, ज्या विद्यार्थ्यांची राहण्याची परवानगी वैध आहे त्यांना चालू वर्ष तिथंच शिकू द्यावं, असंही सांगितलं. एप्रिल २०१३ मध्ये विद्यापीठाला काही अटींवर लायसन्स परतही मिळालं.

सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. कित्येकांचं वर्ष गेलं, कित्येकांची उमेद गेली. पण इथं कुणीतरी आधी विचारलं, की संस्था दोषी असली तर मुलांनी कुठं जायचं? आणि तो प्रश्न विचारला म्हणून खोलीच्या डिपॉझिटपर्यंतची तजवीज झाली.

पण थांबा. लगेच ब्रिटनचे गोडवे गाऊ नका. लंडन मेट मोठं विद्यापीठ होतं, राजधानीत होतं, वर्तमानपत्रांचं लक्ष होतं. त्याच काळात बंद झालेल्या छोट्या खासगी कॉलेजांतल्या मुलांना असला निधी मिळाला नाही. आणि दोनच वर्षांत, २०१४ मध्ये, ब्रिटननं उलटं टोक गाठलं. ‘टोइक’ नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेत काही केंद्रांवर डमी उमेदवार बसवले जातात, हे बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमानं फेब्रुवारीत उघड केलं. परीक्षा घेणाऱ्या कंपनीनं आवाजांची तपासणी करून ३३ हजारांहून अधिक निकाल अवैध आणि २२ हजारांहून अधिक शंकास्पद ठरवले. जूनमध्ये ५७ खासगी कॉलेजांची लायसन्सं स्थगित झाली, वेल्समधल्या ग्लिंडोर विद्यापीठाचीही. हजारोंचे व्हिसे गेले. त्यात खरोखर स्वतः परीक्षा दिलेलेही सापडले. कित्येकांना स्वतःची बाजू मांडायला वर्षानुवर्षं कोर्टात झगडावं लागलं. २०१९ साली ब्रिटनच्याच लेखापरीक्षण कार्यालयानं सांगितलं, की निरपराध माणसं यात अडकू नयेत यासाठी गृहखात्यानं पुरेशी काळजी घेतली नाही.

म्हणजे व्यवस्था तीच, देश तोच. कृती गट नेमला तर मूल वाचतं, नाही नेमला तर बुडतं.

फार्मिंग्टन: सरकारनंच काढलेलं विद्यापीठ

आता परत इंदिरापुरमच्या त्या मुलाकडे.

ट्राय-व्हॅलीनंतर अमेरिकी तपास यंत्रणेनं एक वेगळा मार्ग धरला. बोगस विद्यापीठ शोधायचं कशाला, आपणच एक काढू! पहिलं निघालं न्यू जर्सीत, २०१३ मध्ये, ‘युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न न्यू जर्सी’. एप्रिल २०१६ मध्ये पडदा उघडला. २१ दलाल पकडले गेले आणि १,०७६ विद्यार्थ्यांचा दर्जा धोक्यात आला. त्यात चिनी आणि भारतीय मुलांचा भरणा मोठा.

दुसरं मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळच्या फार्मिंग्टन हिल्समध्ये. ऑफिस होतं, संकेतस्थळ होतं, निळं बोधचिन्ह होतं. त्यावर लॅटिनमध्ये ब्रीदवाक्य, ‘ज्ञान आणि श्रम’ अशा अर्थाचं. बर्फ पडला की ‘आज विद्यापीठ बंद राहील’ अशी सूचना फेसबुकवर यायची. वर्ग मात्र एकही नव्हता, शिक्षक एकही नव्हता. सगळे ‘कर्मचारी’ म्हणजे वेषांतर केलेले अधिकारी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मान्यताप्राप्त संस्थांच्या सरकारी यादीत या विद्यापीठाचं नाव होतं.

३० जानेवारी २०१९ ला आठ दलालांवर आरोप ठेवले गेले. आठही भारतीय वंशाचे किंवा भारतीय. विद्यार्थी होते सुमारे ६००. पहिल्या फेरीत १३० जणांना अटक, त्यांतले १२९ भारतीय. नोव्हेंबरपर्यंत अटकेचा आकडा सुमारे २५० वर गेला.

यावेळी दिल्ली लवकर हलली. २ फेब्रुवारीला, शनिवारी, परराष्ट्र मंत्रालयानं नवी दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासाला डिमार्श दिला. डिमार्श म्हणजे एका सरकारनं दुसऱ्या सरकारला औपचारिकपणे कळवलेलं म्हणणं. त्यात मांडणी अशी होती, की दलाल आणि फसवले गेलेले विद्यार्थी यांना एकाच मापानं मोजू नका. अटकेतल्या मुलांना भेटू द्या. त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना परत पाठवू नका. वॉशिंग्टनच्या आपल्या दूतावासानं चोवीस तास चालणारी हेल्पलाइन सुरू केली, अधिकारी नेमला, तुरुंगांत भेटी सुरू झाल्या. २०११ मध्ये पायातल्या यंत्रावरून राग आला होता. २०१९ मध्ये रागाच्या जोडीला कामाची पद्धतही आली होती. हा फरक छोटा नाही.

आता त्या माउलीचा प्रश्न. चूक काय केली?

सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की या मुलांना माहीत होतं, तिथं वर्ग भरत नाहीत. त्यांना शिक्षण नको होतं, राहण्यासाठी कागद हवा होता. विद्यार्थ्यांच्या वकिलांचं म्हणणं, की सरकारी यादीत नाव असलेल्या संस्थेवर विश्वास ठेवला हा गुन्हा कसा? वर्ग कधी सुरू होणार म्हणून काहींनी विचारलंही होतं, आणि त्यांना झुलवत ठेवलं गेलं.

मी त्या मुलाला नंतर शांतपणे विचारलं. तो खरं बोलला. म्हणाला, ‘काका, मला पहिल्या महिन्यात काहीतरी चुकतंय असं वाटलं होतं. पण यादीत नाव होतं. आणि मला वाटलं, सोडतीपर्यंत सहा महिने काढायचे आहेत.’ म्हणजे तो अगदी भोळाही नव्हता आणि भामटाही नव्हता. घरावर शिक्षणाच्या कर्जाचा बोजा होता आणि परतीचं तोंड दाखवायला जड जात होतं. पूर्व दिल्लीतल्या एका एजंटानं आईवडिलांना सांगितलं होतं, ‘सगळेच असं करतात.’ बहुतेक अशी मुलं याच मधल्या पट्ट्यात असतात. कायद्याला मात्र हा मधला पट्टा दिसत नाही. त्याला दोनच रंग दिसतात.

न्यायालयांना तो हळूहळू दिसू लागला. न्यू जर्सीच्या प्रकरणात २०१९ मध्ये वरच्या न्यायालयानं विद्यार्थ्यांना आपला दर्जा रद्द केल्याविरुद्ध दाद मागायची वाट मोकळी करून दिली. फार्मिंग्टनच्या प्रकरणात जून २०२४ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं, की सरकारनं फी घेतली आणि शिक्षण दिलं नाही, हा करारभंगाचा दावा चालू शकतो. फी घेणारं सरकारच होतं, हे विसरता येणार नाही. पण तोवर पाच वर्षं उलटली होती. आमचा मुलगा नोएडात नोकरीला लागून, लग्न होऊन, आता एका मुलीचा बाप झाला आहे.

दिल्लीकडे बोट

मंडळी, आता बोट आपल्याकडे वळवू या.

२०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, जगात सर्वांत जास्त. एवढी मुलं पाठवणाऱ्या देशात, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एजंटावर कायद्याची पकड किती? आपला १९८३ चा उत्प्रवासन कायदा परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला नोंदणी सक्तीची करतो. शिकायला पाठवणारा त्याच्या कक्षेत येत नाही. गवंडी पाठवायचा तर परवाना लागतो. इंजिनिअर पाठवायचा तर दुकानाची पाटी पुरते. पंजाबनं आपल्यापुरता कायदा केला आहे. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या रस्त्यांवरच्या फलकांची संख्या मात्र वाढतेच आहे.

कॅनडाचं उदाहरण बघा. २०२३ मध्ये उघड झालं, की एका एजंटानं दिलेली कॉलेजांची प्रवेशपत्रंच खोटी होती. कित्येक भारतीय मुलांना ते तिथं राहून, शिकून झाल्यावर कळलं. हद्दपारीच्या नोटिसा आल्या, मुलं रस्त्यावर बसली. मग तिथल्या सरकारनं कृती गट नेमला, जे खरोखर शिकायला आले होते त्यांना वेगळं काढायचं ठरवलं. आणि १ डिसेंबर २०२३ पासून नियम केला, की प्रत्येक प्रवेशपत्र खरं आहे असं कॉलेजनं स्वतः कळवल्याशिवाय अर्ज पुढं जाणार नाही. साधा उपाय. आधीच का सुचला नाही, हा प्रश्न उरतोच.

आणि हे सगळं फक्त बोगस संस्थांपुरतं आहे असं समजू नका. २२ मे २०२५ ला अमेरिकी सरकारनं चक्क हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता काढून घेतली. दुसऱ्याच दिवशी न्यायालयानं ते थांबवलं, म्हणून निभावलं. पण शस्त्र तेच होतं, ज्याचं बीज १९२४ च्या कलमात होतं. भांडण सरकारचं आणि विद्यापीठाचं. तिकीट परतीचं कुणाचं? मुलांचं.

शेवटची गोष्ट, जी आपल्याला ऐकायला आवडत नाही. आपणही आता फक्त मुलं पाठवणारा देश नाही. माझ्या घरापासून तासाभरावर ग्रेटर नोएडा आहे. तिथल्या विद्यापीठांत नेपाळची, अफगाणिस्तानची, नायजेरियाची मुलं शिकतात. मार्च २०१७ मध्ये तिथं आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावानं हल्ले केले होते, तेव्हा आपल्याला मान खाली घालावी लागली होती. आता १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडं नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. त्यात शिक्षणसंस्थांनी परदेशी विद्यार्थ्यांची माहिती सरकारला कळवायची आहे. म्हणजे ती शिट्टी आता आपल्या मास्तरांच्याही हातात आहे. उद्या ग्रेटर नोएडातल्या एखाद्या कॉलेजवर कारवाई झाली, तर तिथल्या काबूलच्या मुलीनं कुठं जायचं, याची तजवीज आपण केली आहे का? आपल्या मुलांसाठी वॉशिंग्टनला जे पत्र लिहिलं, ते स्वतःच्या फायलीतही लावून ठेवावं लागेल.

तर, वहिनी, तुम्ही हा भाग ऐकत असाल तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. तुमच्या मुलाची चूक होती, पण ती सहा महिन्यांच्या घाईची चूक होती. एजंटाची चूक पैशाची होती. आणि सरकारची चूक अशी, की जाळं लावताना त्यात कोण सापडणार हे त्याला ठाऊक होतं, आणि सापडल्यावर त्याला उतरवून कुठं ठेवायचं, हे त्यानं ठरवलंच नव्हतं. तिघांपैकी सगळ्यात लहान चूक ज्याची, त्याला सगळ्यात आधी विमानात बसावं लागलं.

ज्यांच्या घरात सध्या पासपोर्टची तयारी चालू आहे त्यांना एवढंच सांगतो. यादीत नाव आहे का ते बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. तिथं आत्ता शिकत असलेल्या दोन मुलांशी बोला, एजंटानं गाठ घालून दिलेल्या नव्हे, तुम्ही शोधलेल्या. वर्ग कुठल्या इमारतीत, कोणत्या वारी भरतो, ते विचारा. पोचल्यावर आपल्या सरकारच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदणी करा. अडचण आली तर वकिलातीला तुमचं नाव आधीच ठाऊक असलेलं बरं. आणि मुलाला जाताना एक वाक्य सांगून ठेवा: काही चुकतंय असं वाटलं तर घरी फोन कर, आम्ही रागावणार नाही. इंदिरापुरमच्या त्या घरात हे वाक्य आधी बोललं गेलं असतं, तर तो पहिल्याच महिन्यात परत आला असता, असं तो स्वतः म्हणतो.

पुढच्या भागात आपण पानिपतच्या रस्त्यानं निघणार आहोत. तोवर, नमस्कार.